ड्रम कोमट होईपर्यंत

गवारीचा भाव चढला आणि भोपळ्याच्या फोडी आयत्या कापून मिळायला लागल्या की मी ओळखते, पितर निघाले. पंचांग उघडावं लागत नाही. आमच्या सेक्टरची भाजीवाली एरवी कोथिंबिरीच्या चार काड्यांवरून माझ्याशी भांडते. या पंधरवड्यात मात्र ती आपणहून म्हणते, "ताई, पानाला पायजे ना? अळू न्या, कारली न्या," आणि न मागता आल्याचा तुकडा पिशवीत टाकते. मेलेल्यांच्या जेवणात घासाघीस करायची नाही एवढी रीत वाशीतही उरली आहे.

भाद्रपदातली ही हवा मला सोसत नाही. गणपती गेलेले असतात, पाऊस जाऊ की राहू करत असतो, ऊन अंगाला चिकटतं. खाडीवरचा वारा पडतो. अशा पडलेल्या हवेत आवाज फार लांबून येतो. मग एखाद्या दुपारी मी कणीक मळत असते आणि हमरस्त्यावरून एखादा फुटक्या सायलेन्सरचा टेम्पो धडधडत जातो. मी कणकेचे हात तसेच घेऊन खिडकीशी जाते, उभी राहते, आणि टेम्पो निघून गेल्यावर स्वतःवरच चिडून परत येते. हे माझ्याकडे आईकडून आलं. त्यापेक्षा मधुमेह आला असता तर बरं झालं असतं, त्यावर निदान गोळी मिळते.

माझं माहेर मोऱ्याचं, समुद्रकाठच्या होडीवाल्यांच्या गावचं. धक्क्यापासून आमचं घर हाकेच्या अंतरावर. आमच्या आळीतल्या बायकांना कुणाची होडी आली हे बघायला दारात यावं लागायचं नाही. चुलीपुढं बसल्या बसल्या त्या इंजिनाच्या आवाजावरून सांगायच्या, हा अमक्याचा, हा तमक्याचा. आमच्या बापसाच्या होडीचं इंजिन चार सिलिंडरचं, डिझेलचं. त्यातलं एक सिलिंडर आळशी होतं. तीन ठोके नीट पडायचे, चौथा गिळल्यासारखा व्हायचा, मग पुन्हा तीन. तो आवाज लाटांवरून आला की आई हातातलं काम टाकून उंबऱ्यापाशी पाण्यानं भरलेला तांब्या ठेवायची, पाय धुवायला. बापूस धक्क्यावरून घरी पोचेपर्यंत मासळीच्या पाट्या उतरायच्या, गप्पा व्हायच्या, अर्धा तास सहज जायचा. तांब्या मात्र आधीपासून तयार.

आमच्या घरात आणखी एक पद्धत होती. होडी निघाली की घरच्या बाईनं तिच्याकडं बघत उभं राहायचं नाही. पाठ फिरवायची आणि कामाला लागायचं. येणाऱ्याची वाट बघावी, जाणाऱ्याची नाही, असं माझी आजी म्हणायची. त्यामुळं बापूस गेला त्या दिवशीही आईनं त्याला जाताना पाहिलं नाही. तो काही मासेमारीला निघाला नव्हता. भरती आली होती, नांगरलेली होडी धक्क्याला आणायची, एवढंच काम. खलाशी जेवायला गेलेले, म्हणून एकटाच गेला. आईनं पाठ फिरवली आणि सुकट निवडायला बसली. तिला इंजिन चालू झाल्याचं ऐकू आलं. मग ते बंद झालंच नाही.

दोन तासांनी दुसऱ्या होडीवाल्यांना आमची होडी दिसली. धक्क्यापासून बरीच आत, एकाच जागी गोल गोल फिरत होती. सुकाणू एका बाजूला कललेलं, इंजिन चालू, वर कुणी नाही. एकानं उडी मारून ते बंद केलं. तो नंतर कितीतरी दिवस सांगत होता, टाकीत तेल भरपूर होतं, अजून रात्रभर फिरली असती. बापूस सापडला नाही. चार दिवस शोधला, खारफुटीतून शोधला, पार पलीकडच्या किनाऱ्यापर्यंत माणसं गेली. काहीच मिळालं नाही.

त्या वर्षी पितृपक्ष आला तेव्हा भावकीतली वडीलधारी घरी येऊन बसली. म्हणाली, ज्याची तिथी ठाऊक नाही त्याचं सर्वपित्री अमावास्येला करतात, तुम्हीही करा. आई भिंतीला टेकून बसली होती. कपाळावर रुपयाएवढं कुंकू. ती म्हणाली, "ज्याला मेलेला कोनी बगला नाय, त्याचं पान मी ठेवाची नाय." विषय तिथं संपला. कुंकू तिनं पुसलं नाही आणि पुस म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

त्या होडीवर पाय ठेवायला कुणी तयार होईना. विकत घेणं तर दूरच. ती चिखलात कलंडून पडली आणि तिच्या बुडाला कालवं धरली. आईनं माझ्या थोरल्या भावाला, दादूसला, शपथ घालून समुद्र बंद केला. तो जासईला कंटेनरच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या गॅरेजात लागला. नव्वदीची सुरुवात होती ती. बंदराकडं जाणाऱ्या रस्त्यावर तेव्हा दिवसरात्र लांबलचक गाड्या, आणि त्या मोडायच्याही भरपूर. दादूसचे हात चांगले होते. वर्षभरात त्यानं लष्कराच्या लिलावातली एक जुनी पेट्रोलची जीप आणून अंगणात उभी केली. तिचा मागचा भाग कापून तिथं लोखंडी हौदा बसवला, स्प्रिंगा उंच केल्या, माझ्या कमरेइतके टायर लावले. जिथं रस्ता नाय तिथं जानारी गारी, असं तो सगळ्यांना सांगायचा. आमच्याकडं होडीला होरी म्हणतात आणि गाडीला गारी. मला तेव्हा वाटायचं, पोरगा समुद्राकडं पाठ करून डोंगराकडं बघायला लागला, बरं झालं.

एका दुपारी तो बैलगाडी घेऊन चिखलात गेला आणि होडीचं इंजिन काढून घेऊन आला.

पेट्रोलच्या जागी डिझेलचं इंजिन बसवणं म्हणजे दुसऱ्याच्या तोंडात आपली कवळी बसवण्यातला प्रकार. जुन्या गिअरबॉक्सशी ते काही केल्या जुळेना. दादूसनं मध्ये बसवायला जाड लोखंडाचा पाट घडवून घेतला, त्याला भोकं पाडली, तो चुकला, दुसरा घडवला. आई हे सगळं ओट्यावरून बघायची आणि बोलायची नाही. खरी अडचण पुढंच होती. होडीच्या इंजिनाला गाडीसारखा रेडिएटर नसतो. ते समुद्राचं पाणी ओढून घेतं, गार होतं आणि तेच पाणी बाहेर फेकतं. जमिनीवर त्याला समुद्र कुठून आणायचा? दादूसनं शेजारी एक मोठा पत्र्याचा ड्रम ठेवला, एक नळी ड्रमातून इंजिनात आणि दुसरी इंजिनातून परत ड्रमात. रेडिएटर आणू मग, म्हणाला. सायलेन्सरही नव्हता, धुराचा पाइप होडीवर असतो तसा उघडाच वर काढला होता.

पहिल्यांदा ते चालू झालं तेव्हा मी घरात केस विंचरत होते. तीन ठोके, चौथा गिळलेला, पुन्हा तीन. माझा हात तिथंच थांबला. आई परसात कोलंबी सोलत होती. ती हात न पुसता घरातून धावत पुढच्या दारी आली आणि म्हणाली, "आला गो तुजा बापूस." मग तिनं अंगणात पाहिलं. दादूस काळ्या हातांनी उभा होता. ती क्षणभर त्याच्याकडं बघत राहिली, आत गेली आणि पाण्याचा तांब्या आणून उंबऱ्यापाशी ठेवला.

तेव्हापासून दर रविवारी दुपारी हेच. आई सकाळी हंडे वाहून ड्रम भरायची. पाण्याची तेव्हा आमच्याकडं मारामार होती, पण ड्रमाच्या पाण्याबद्दल तिनं कधी कुरकुर केली नाही. दादूस इंजिन चालू करायचा. ती दारात बसायची, डोळे मिटलेले, शेजारी तांब्या. पंधरावीस मिनिटांत ड्रममधलं पाणी तापायला लागायचं. दादूस त्यात बोट घालून बघायचा. कोमटाचं कढत व्हायच्या आत इंजिन बंद करावं लागे. ड्रम कोमट होईपर्यंतच बापूस घरी असायचा. मग आई तांब्यातलं पाणी तुळशीला घालायची आणि भाताचं पातेलं उतरवायची. त्या भातात एका माणसाचा भात जास्त असायचा. तो कोण खाणार हे ती सांगायची नाही, आणि संध्याकाळी तो मी खायचे.

तीन वर्षं हे चाललं. गाडी अंगणातून एकदाही बाहेर पडली नाही. लोक हसायचे. आमच्या अंगणातला रविवारचा कार्यक्रम आळीत ठाऊक झाला होता, आणि आईला पाठीमागं काय म्हणतात तेही माझ्या कानांवर येत होतं. मी तेव्हा वाशीच्या घाऊक बाजारात एका दलालाच्या पेढीवर कारकून होते. माझा स्वभाव मुळात तुसडा. मला त्या आवाजाची चीड यायला लागली.  मला वाटायचं, हे भूत आपण दर आठवड्याला स्वतःच्या हातानं ड्रमभर पाणी पाजून उठवतो आहोत. हे थांबलं नाही तर आई कायमची त्या उंबऱ्यावर बसून राहील. हे खरंच वाटायचं मला. आजही वाटतं. पण त्यात माझीच सुटका होण्याची घाई किती होती, हे मी आजवर नीट तपासलेलं नाही.

गिऱ्हाईक मी शोधलं. शेळके नावाचे, जुन्नरकडचे. टोमॅटो घेऊन पेढीवर यायचे. त्यांचं शेत डोंगराच्या कुशीत आणि वाट अशी की पावसाळ्यात बैलही नाही म्हणायचे. मी त्यांना आमच्या उंच टायरच्या गाडीबद्दल सांगितलं आणि ते पुढच्याच आठवड्यात मोऱ्याला हजर झाले. आणि आठवडा होता पितृपक्षाचा. मला वाटलं, आता हे अमावास्येनंतर बघू म्हणतील. या दिवसांत कोण वस्तू घेतं? शेळके गाडीभोवती एक फेरी मारून हसले. "पितरांच्या दिवसात नवं घ्यायचं नस्तं ताई. हे कुठं नवंय? आन् पुरं तरी कुठंय? अर्ध्या वस्तूला पक्ष लागत नाय." मीही हसले. दादूस हसला नाही.

विकायचं मी त्याला आधीच पटवलं होतं. म्हणजे मी तासभर बोलले होते आणि तो शेवटी "इक" एवढंच म्हणाला होता. शेळक्यांनी विचारलं, "काम किती ऱ्हायलंय?" दादूस घरात गेला. आपल्या खाटेखालून त्यानं गोणपाटात गुंडाळलेली दोन बोचकी ओढून आणली आणि अंगणात सोडली. एकात रेडिएटर होता, दुसऱ्यात सायलेन्सर. दोन्ही नवे. गोणपाटावर धूळ इतकी, की ते कालपरवा आणलेले नव्हते हे आंधळ्यालाही कळलं असतं.

"कवा आनलंस हे?" मी विचारलं.

"तवाच. पयल्या वरसाला."

"मंग बसवलंस का नाय?"

तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "पुरी केली आसती तं सायलेन्सर लावावा लागला आसता. मंग आयेला कं ऐकवला आसता?"

शेळके खूश होऊन सायलेन्सर उलटसुलट करून बघत होते. मी तिथं उभी होते. गाडी पुरी करणं ज्याच्या हातचा मळ होता, त्यानं तीन वर्षं लोकांचं हसू झेललं, दर रविवारी हात काळे केले, आणि मी त्याला आळशी समजत होते. शेळके गाडी न्यायला तीन दिवसांनी येणार होते. त्या तीन दिवसांत मी पेढीवरून निरोप धाडून व्यवहार मोडू शकले असते. मोडला नाही. असं नाही की वेळ मिळाला नाही. मी मोडला नाही.

आईला सांगायचं कामही माझ्यावर आलं. ती पापलेटाला मीठ लावत होती. ऐकून घेतलं, मान हलवली, आणि विचारलं, "त्यांच्यान समुद्र हाय कं?" मी म्हटलं, नाही, डोंगर आहेत. "बरं हाय," ती म्हणाली.

शेळके आले तेव्हा ऊन उतरलं होतं. रेडिएटर-सायलेन्सर बसवणं आपल्या गावच्या मिस्त्रीकडून करून घेतो म्हणाले. तेवढ्यापुरता दादूसनं ड्रम उचलून हौद्यातच बांधला, नळ्या लांब केल्या. ड्रम आईनं भरला होता. पाणी तापलं की थांबायचं, बदलायचं, पुढं जायचं, असं दादूसनं शेळक्यांना दोनदा समजावलं. रेडिएटर आणि सायलेन्सर गोणपाटासकट मागं ठेवले. नारळ फोडला. इंजिन चालू झालं. तीन ठोके, चौथा गिळलेला.

आई घरातून बाहेर आली. तिच्या हातात तांब्या होता. मला वाटलं उंबऱ्यापाशी ठेवेल. ती सरळ गाडीपाशी गेली, टायरवर एक पाय ठेवून हौद्याला धरून वर चढली आणि तांब्यातलं पाणी ड्रमात ओतलं. खाली उतरून शेळक्यांना म्हणाली, "त्याला पानी लय लागतं. वाटंन थांबून बगा."

"काळजी नका करू मावशी. पोटच्या पोरावानी सांभाळतो."

गाडी अंगणातून पहिल्यांदा बाहेर पडली. मी सवयीनं आईकडं बघितलं, ती आता पाठ फिरवील म्हणून. तिनं फिरवली नाही. रिकामा तांब्या छातीशी धरून ती गाडीकडं बघत राहिली. गाडी आळीतून गेली, देवळाला वळसा घालून मिठागराच्या बाजूच्या रस्त्याला लागली, दिसेनाशी झाली. हवा पडलेली होती, त्यामुळं आवाज त्यानंतरही बराच वेळ येत होता. मग तोही येईना झाला. आई आणखी थोडा वेळ थांबली.

"गेला," ती म्हणाली. आणि आत जाता जाता, "आमुशेला त्याचं पान वाढ."

आम्ही वाढलं. भोपळा, गवार, अळू, खीर, आणि बापसाच्या आवडीचं सुकं बोंबील, जे पानात चालत नाही असं भावकीनं सांगितलं आणि आईनं तरी वाढलं. मी सुटले असं मला वाटलं. जे व्हायला हवं होतं ते झालं, ही गोष्ट इथं संपायला हवी होती. पण थंडीत शेळक्यांचं पोस्टकार्ड आलं.

अक्षर गोल, मजकूर थोडका. गाडी झकास चालते. रेडिएटर आणि सायलेन्सर बसवून घेतला. आता आवाज अजिबात येत नाही, गोठ्यातली गाय मान वर करत नाही. मावशींना नमस्कार.

आई समोर बसली होती. तिला वाचता येत नव्हतं. "कं लिवलंय?" तिनं विचारलं. मी तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि वाचलं, "गाडी झकास चालते. आवाज तसाच आहे. डोंगराच्या पलीकडच्या गावात ऐकू जातो." ती कार्ड हातात घेऊन बघत राहिली. मग उठून ते देव्हाऱ्यात, देवांच्या पाठीमागं ठेवलं.

ज्या खोटेपणातून तिला सोडवायला मी एवढा खटाटोप केला, तोच मी एका दमात परत तिच्या हातात ठेवला. त्यानंतर दर सर्वपित्रीला मी लग्नानंतरही वाशीहून भाजी घेऊन मोऱ्याला जायचे. पान वाढून झालं की आई देवांमागून कार्ड काढायची आणि म्हणायची, वाच. मी वाचायचे. सुरुवातीला तेवढंच. मग दरवर्षी थोडं थोडं वाढत गेलं. गाडी नदीतून जाते. गाडी घाट चढते, मुलं आवाज ऐकून धावत येतात. शेळके पाणी वेळेवर बदलतात. एका कार्डात इतकं मावतं कसं, हे आईनं कधी विचारलं नाही. दादूस ओट्यावर बसून ऐकायचा. सायलेन्सर त्यानंच स्वतःच्या हातानं गाडीत ठेवला होता, त्याला काय ते ठाऊक होतं. तोही कधी बोलला नाही.

आईच्या शेवटच्या वर्षी मी अशीच वाचत होते. आता मजकूर मला तोंडपाठ होता, डोळे कार्डावर असले काय, नसले काय. लिहिलेली बाजू माझ्याकडं, पत्त्याची बाजू तिच्याकडं. मध्येच ती म्हणाली, "पोरी, वाघ उलटा हाय गो."

मला कळलं नाही. मग मी कार्ड फिरवून पाहिलं. पत्त्याच्या बाजूला तिकिटाच्या जागी छापलेला वाघ. दरवर्षी त्याचं डोकं वर असायचं. या वर्षी ते खाली होतं. म्हणजे माझ्याकडची अक्षरंही उलटी होती, आणि मी ती खाडखाड वाचत होते. ती एवढी वर्षं वाघाकडं बघत बसायची, आणि तिला किती आधीपासून कळलं होतं हे विचारायची मला हिंमत झाली नाही.  ओट्यावरून दादूसही आत बघायला लागला.

"थांबलंस कशाला?" आई म्हणाली. "वाच फुडं."

मी वाचलं.

उद्या अमावास्या. पिशवीत अळू आहे, गवार आहे, अर्धा भोपळा आहे. मोऱ्याला आता दोन पानं वाढायची असतात, एक बापसाचं, एक आईचं, आणि आईच्या पानातही बोंबील असतो. कार्ड तिच्यामागं माझ्याकडं आलं, तेही पिशवीत ठेवलं आहे. गेली काही वर्षं दर वेळी ठरवते, या खेपेला जे लिहिलंय तेच वाचायचं. उद्याही मी वाघाचं डोकं वर धरीन, दोन पानांसमोर बसेन आणि वाचायला सुरुवात करीन. गाडी झकास चालते. आवाज तसाच आहे.